मुंबईच्या गच्चीवरून एई ॲक्वॅरी: शोधण्यापासून आलेख काढण्यापर्यंत

रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांचा उजेड बदलत राहतो अशा ताऱ्यांचा विषय निघाला की मुंबईतली मंडळी हमखास म्हणतात, इथे आकाशच कुठे दिसतं, वांगणीला जा नाहीतर माळशेजला जा. दीर्घिका, तेजोमेघ बघायचे तर ते खरंच आहे, पण तारा म्हणजे एक बिंदू, आणि बिंदूचा प्रकाश मोजायला काळंकुट्ट आकाश लागतंच असं नाही. कुंभ राशीतला एई ॲक्वॅरी नावाचा तारा मला या कामासाठी सगळ्यात योग्य वाटतो, कारण तो आपल्याकडे पाऊस संपल्या संपल्या संध्याकाळीच डोक्याच्या जवळ असतो, ६ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात येतो, आणि बघता बघता म्हणजे अक्षरशः दहा-पंधरा मिनिटांत त्याचा उजेड बदललेला दिसतो. एकच अट आहे, याला एकदा बघून नोंद करून झोपायला जाता येत नाही, सलग बसावं लागतं.

हा तारा आहे तरी काय

एर्न्स्ट झिनर यांनी १९३८ मध्ये हा रूपविकारी म्हणून नोंदवला, आणि १९५४ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी दाखवलं की हा एक तारा नसून जोडी आहे. एक आहे श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला गाभा, पृथ्वीएवढ्या आकारात साधारण सूर्याच्या निम्म्याहून जास्त वस्तुमान कोंबलेलं. दुसरा आहे सूर्यापेक्षा थंड, नारिंगी रंगाचा तारा. दोघं ९ तास ५३ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात आणि इतके जवळ आहेत की नारिंगी ताऱ्यातला वायू सतत श्वेत बटूकडे ओढला जातो. अंतर आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षं.

इथपर्यंत बाकीच्या अशा जोड्यांसारखंच. पण नेहमीच्या जोडीत हा वायू श्वेत बटूभोवती तबकडी करून फिरतो आणि हळूहळू आत पडतो. इथे श्वेत बटू स्वतःभोवती ३३ सेकंदांत एक गिरकी घेतोय (हे जोसेफ पॅटरसन यांनी १९७९ मध्ये शोधलं) आणि त्याचं चुंबकीय क्षेत्रही जोरदार आहे, त्यामुळे आलेला वायू आत पडायच्या आधीच ओली छत्री गरकन फिरवल्यावर पाणी उडावं तसा बाहेर भिरकावला जातो. म्हणून याला प्रोपेलर म्हणतात. या फेकाफेकीत श्वेत बटूची गिरकीही मंदावतेय, वर्षाला सेकंदाच्या साधारण साडेपाच लाखाव्या भागाइतकी, ऐकायला काहीच नाही पण त्यातून जाणारी ऊर्जा ही जोडी जेवढा प्रकाश देते त्याहून कितीतरी जास्त आहे. असा दुसरा तारा सापडायला फार वर्षं गेली, मेष राशीतल्या एका ताऱ्याची २५ सेकंदांची गिरकी अगदी अलीकडे, २०२२ च्या आसपास पक्की झाली.

आपल्याला गच्चीवरून जे दिसतं ते म्हणजे भडके. बाहेर फेकले जाणारे वायूचे गोळे एकमेकांवर आदळून तापतात अशी त्याची समजूत आहे. शांत असताना तारा साधारण साडेअकराव्या प्रतीच्या आसपास असतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, आकडा जितका लहान तितका तारा ठळक), भडका आला की अकराहून ठळक होतो, मोठा असेल तर आणखी ठळक. काही मिनिटांत चढतो, कधी अर्ध्या तासात ओसरतो, कधी एकामागोमाग तीन-चार येतात, कधी दोन-दोन तास काहीच नाही. पुढचा भडका कधी हे आधी सांगता येत नाही आणि म्हणूनच सलग बघणाऱ्या माणसांची गरज आहे.

कधी बघायचा

विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश: विषुवांश २० तास ४० मिनिटं, क्रांती उणे १ अंशाच्या जरा अलीकडे. मुंबई १९ अक्षांशावर, म्हणजे मध्यान्हवृत्तावर, डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आला की दक्षिणेला ७० अंश उंच. ऑक्टोबरच्या मध्यावर तो पावणेआठच्या सुमाराला सगळ्यात वर असतो आणि रात्री साडेअकरापर्यंत ३० अंशांच्या वर राहतो, म्हणजे अंधार पडल्यापासून जवळजवळ साडेचार तास मिळतात. १ नोव्हेंबरला साडेदहापर्यंत, नोव्हेंबरच्या मध्यावर साडेनऊपर्यंत. ३० अंशांखाली मुंबईच्या धुरकट हवेत मोजमाप घेऊ नका, आकडे येतात पण त्यांचा भरवसा नसतो.

सप्टेंबरच्या शेवटी तो जास्त वेळ मिळतो पण पाऊस असतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात साधारण जातो आणि तिथून दिवाळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. दिवाळीच्या चार-पाच दिवसांत फटाक्यांच्या धुराने अमावस्या असूनही हवा खराब असते, तेव्हा सोडून द्या. चंद्राचं म्हणाल तर दसऱ्याच्या एक-दोन दिवस मागेपुढे तो या ताऱ्याच्या खालून जातो, तेवढं टाळायचं, कोजागिरीला मात्र चंद्र पूर्वेला लांब असतो, हवा स्वच्छ असेल तर काम होतं.

गच्ची

बाल्कनीतून हा तारा अवघड आहे, ७० अंश उंचीवर वरच्या मजल्याचा स्लॅब आड येतो. नैऋत्येकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली बाल्कनी असेल तर नोव्हेंबरमध्ये जमेल, नाहीतर गच्चीच. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटून रीतसर सांगा, किती वाजेपर्यंत थांबणार, कोण कोण येणार, आणि वॉचमनलाही सांगून ठेवा, म्हणजे रात्री दहा वाजता कोणी दार लावून जात नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत गरम हवा वर सोडत राहतो, तारे फुगलेले आणि थरथरताना दिसतात. दुर्बीण सहा वाजताच वर नेऊन ठेवा म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईल, आणि उभं राहायचं तिथे जाड सतरंजी किंवा प्लायचा तुकडा टाका. शेजारच्या टॉवरचा हॅलोजन डोळ्यात येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहणं हा सगळ्यात सोपा उपाय, काळं कापड डोक्यावरून घेतलं तर आणखी चांगलं. दमट हवेत आयपीसवर धूर धरल्यासारखं होतं, तेव्हा फुंकर मारू नका, खिशात ठेवून गरम केलेला दुसरा आयपीस लावा. काम झाल्यावर सगळं सिलिका जेलच्या पाकिटांसकट बंद डब्यात, नाहीतर मुंबईत बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

तारा सापडवणं

इथे नशीब आपल्या बाजूने आहे. गरुड तारकासमूहातला थीटा ॲक्विली हा ३.२ प्रतीचा तारा मुंबईतून बऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो, श्रवणच्या खाली डावीकडे. त्याची क्रांती आणि आपल्या ताऱ्याची क्रांती यात फक्त ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक आहे. म्हणजे काय, तर दुर्बीण थीटावर लावा, मोटर असेल तर बंद करा, आणि काहीही न हलवता थांबा. २७ मिनिटांनी आयपीसमध्ये दिसणाऱ्या क्षेत्राच्या दक्षिण भागातून, मध्यापासून साधारण पाव अंशावरून, ७१ ॲक्विली हा ४.३ प्रतीचा तारा जाईल आणि त्यानंतर दोन मिनिटांच्या आत एई ॲक्वॅरी जवळजवळ मध्यातून जाईल. डॉब्सोनियनवाल्यांसाठी, म्हणजे हाताने हलवायची दुर्बीण असलेल्यांसाठी याहून सरळ रस्ता नाही. आकाश स्वतः फिरून तारा तुमच्यासमोर आणून ठेवतं, आणि पहिल्यांदा हे बघताना जे वाटतं त्यासाठी तरी एकदा या पद्धतीनेच शोधा.

घाई असेल तर बायनॉक्युलरने थेट ७१ ॲक्विली गाठा. धनिष्ठेच्या चौकटीपासून सरळ दक्षिणेला साधारण १५ अंश खाली आलात की त्या भागात तोच ठळक आहे. आपला तारा त्याच्या पूर्वेला २७ कला आणि उत्तरेला १४ कला, म्हणजे सगळं मिळून अर्धा अंश, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं. कमी मोठेपणाच्या आयपीसमध्ये दोघं एकाच क्षेत्रात मावतात. एकदा जागा पक्की झाली की मोठेपणा वाढवा, १०० पटीच्या आसपास न्या आणि ७१ ला क्षेत्राबाहेर काढा, त्याच्या चकाकीत अंदाज बिघडतो. मोठेपणा वाढवला की आकाशाची पार्श्वभूमी काळी होते आणि बिंदू तसाच राहतो, शहरातल्या निरीक्षकाचं हे मुख्य हत्यार आहे. ६ इंची दुर्बिणीत शांत अवस्थेतला तारा चांगल्या रात्री तिरक्या नजरेने, म्हणजे थेट न बघता किंचित बाजूला बघून दिसतो, ८ इंचीत आरामात.

नकाशा एएव्हीएसओचा वापरा, रूपविकारी ताऱ्यांसाठी १९११ पासून काम करणारी ही अमेरिकेतली संस्था आहे, त्यांच्या साइटवर ताऱ्याचं नाव इंग्रजीत टाकलं की नकाशा तयार होतो. नकाशा काढताना तुमच्या दुर्बिणीत जसं उलटं-सुलटं दिसतं तसाच पर्याय निवडा. ताऱ्यांशेजारी ११२ असं लिहिलेलं असेल तर ते ११.२, टिंब मुद्दाम गाळलेलं असतं कारण नकाशात टिंब म्हणजे तारा वाटेल.

डोळ्यांनी अंदाज

दोन तुलना तारे, म्हणजे नकाशावर प्रत लिहिलेले तारे घ्या, एक आपल्या ताऱ्यापेक्षा थोडा ठळक, एक थोडा मंद. समजा तुम्ही निवडलेले तारे १०८ आणि ११६ आहेत. आपला तारा दोघांच्या बरोब्बर मध्ये वाटला तर ११.२, ठळक ताऱ्यापासून पाव अंतरावर वाटला तर ११.०. एवढंच आहे, पण त्यात लक्ष द्यायच्या गोष्टी आहेत. दोन तारे एकावर एक उभे दिसत असतील तर खालचा उगाच ठळक वाटतो, म्हणून मान वाकवून दोघांना जोडणारी रेघ डोळ्यांच्या रेघेला समांतर आणा. लालसर तारा तुलनेला घेऊ नका, टक लावून बघितलं की तो वाढत गेल्यासारखा वाटतो. आणि प्रत्येक वेळी दोन्ही तुलना तारे नव्याने बघा, मागच्या नोंदीवरून पुढची नोंद लिहायची नाही. मी तर नोंद कागदावर लिहून कागद उलटा ठेवायला सांगेन, कारण या ताऱ्याच्या बाबतीत आपल्याला भडका हवा असतो आणि हवा असलेला भडका डोळ्यांना दिसायला वेळ लागत नाही.

सुरुवातीला दर दहा मिनिटांनी एक नोंद. तारा हलतोय असं वाटलं की दर दोन-तीन मिनिटांनी. शांत असलेल्या तासाच्या नोंदीही तितक्याच महत्त्वाच्या, भडका नव्हता हे सांगणारा आकडा गाळला तर आलेखात नुसती शिखरं राहतात आणि मग त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

वेळ कशी लिहायची

दोन-तीन मिनिटांत बदलणाऱ्या ताऱ्याला "साडेआठच्या सुमारास" चालत नाही. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळणारं ठेवा आणि मिनिटापर्यंत लिहा. पाठवताना ज्युलियन दिनांक लागतो, म्हणजे सलग मोजत आलेला दिवसांचा क्रमांक. तो जागतिक वेळेच्या दुपारी १२ ला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी ५:३० ला, त्यामुळे मुंबईतल्या रात्रीची सगळी बैठक एकाच ज्युलियन दिवसात बसते, मध्यरात्री तारीख बदलायचा घोळ नाही. ५:३० पासून किती तास झाले ते २४ ने भागा: रात्री ८ वाजता अडीच तास, म्हणजे ०.१०४. पूर्ण आकडा त्या दिवसाचा कोष्टकातून किंवा कुठल्याही ज्युलियन कॅल्क्युलेटरमधून घ्या.

फक्त शनिवारी बघणाऱ्यांसाठी

हे जरा नीट वाचा, कारण मुंबईत बहुतेकांना सुट्टीच्या रात्रीच वेळ असतो. या जोडीच्या १७ फेऱ्या म्हणजे ७ दिवस वजा साधारण पावणेतीन मिनिटं. म्हणजे तुम्ही दर शनिवारी आठ वाजता दुर्बीण लावलीत तर पूर्ण मोसमभर तुम्हाला फेरीचा तोच तोच अर्धा भाग दिसणार, उरलेला अर्धा कधीच नाही. मग एखाद्याला वाटेल की तारा नेहमी याच वेळी जास्त उजळ असतो, आणि ते ताऱ्याचं वागणं नसून कॅलेंडरचं असेल.

उपाय सोपा आहे. एका रात्रीनंतर त्याच वेळी जोडी आपल्या फेरीत साधारण ४३ टक्के पुढे गेलेली असते. साडेचार तासांत फेरीचा ४५ टक्के भाग बघून होतो. म्हणून शनिवार आणि लगेच रविवार असं दोन्ही दिवस बसलात तर जवळजवळ नव्वद टक्के फेरी हाताशी येते. सोमवारी ऑफिस आहे मान्य आहे, पण रविवारी साडेअकराला आटोपता येतं. गटात असाल तर वार वाटून घ्या. आणि एकाच रात्री एक जण बोरिवलीत आणि एक जण ठाण्यात असेल तर फारच उत्तम, दोघांनाही तोच भडका त्याच मिनिटाला दिसला तर शंकेला जागा राहत नाही.

कॅमेरा असेल तर

८० मिलिमीटरची साधी दुर्बीण, ट्रॅकिंग असलेलं माउंट आणि डीएसएलआर किंवा सीमॉस कॅमेरा, एवढ्यात मुंबईतून फार देखणा आलेख निघतो. एक्स्पोजर २० ते ३० सेकंद. फोकस अगदी किंचित सैल ठेवा म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरेल आणि मधला पिक्सेल भरून वाहणार नाही. फ्रेम अशी लावा की ७१ ॲक्विली बाहेर राहील आणि दोन-तीन तुलना तारे आत येतील. फाइल रॉ, जेपेग अजिबात नाही.

डार्क फ्रेम, म्हणजे दुर्बिणीला झाकण लावून काढलेले फोटो, त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या, ऑक्टोबरच्या उकाड्यात थंड न होणाऱ्या कॅमेऱ्याला खूप दाणे येतात. फ्लॅट फ्रेमसाठी, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फोटोसाठी, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून टॅबलेटची पांढरी स्क्रीन धरा. फ्लॅट टाळू नका, आपल्याकडे एका बाजूने रस्त्याचे एलईडी आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचा अंधार असतो, फ्रेमभर उजेड सारखा पडलेला नसतो, त्यात लेन्सवरची धूळ मिळाली की मोजमाप घसरतं.

फिल्टर परवडत असेल तर निळा, म्हणजे बी फिल्टर घ्या. भडक्याचा वायू तापलेला, निळसर असतो, आणि नारिंगी तारा मात्र लाल रंगात सतत प्रकाश ओतत असतो, त्यामुळे लाल फिल्टरमधून भडका बुजून जातो आणि निळ्यातून ठसठशीत दिसतो. फिल्टर नसेल तर डीएसएलआरचा हिरवा चॅनेल वेगळा काढून वापरा आणि पाठवताना तसं स्पष्ट लिहा.

मोजायला ॲस्ट्रोइमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ताऱ्याभोवती वर्तुळ टाकायचं, बाहेरच्या कड्यातून आकाशाचा उजेड वजा करायचा, तुलना ताऱ्याशी भागायचं, हे सगळं ते पूर्ण रात्रीच्या फायलींवर एकदम करतं. आपण एक काम मात्र न चुकता करायचं, एक चेक तारा ठेवायचा ज्याचा उजेड बदलत नाही. चेक ताऱ्याचे ठिपके ०.०२ च्या आत सरळ रेघेत असतील आणि त्याच वेळी एई ॲक्वॅरी ०.२ ने उसळला असेल तर तो भडका खरा. चेक ताराही सोबत वरखाली होत असेल तर पातळ ढग नाहीतर दव.

३३ सेकंदांची गिरकी पकडायचा मोह होतो, पण त्या चढउताराचा वाटा एकूण प्रकाशात टक्काभरही नसतो आणि त्यासाठी काही सेकंदांची एक्स्पोजर आणि मोठा आरसा लागतो. ८ इंचीवर त्यात वेळ घालवू नका, भडक्यांत करण्यासारखं पुष्कळ आहे.

आलेख कसा वाचायचा आणि पुढे काय

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर प्रत, आणि प्रतीचा अक्ष उलटा, लहान आकडा वर. सगळ्यात आधी तळ बघा, शांत असतानाची पातळी. ती पण पूर्ण सपाट नसते, नारिंगी तारा ओढाताणीमुळे लांबट झालेला आहे आणि फिरताना कधी रुंद बाजू कधी निमुळती बाजू दाखवतो, त्यामुळे एका फेरीत दोन मंद उंचवटे येतात. भडके त्या तळावर बसलेले असतात. दोन-तीन शनिवार-रविवारचे आलेख फेरीच्या हिशेबाने एकावर एक ठेवलेत तर तळ जुळतो आणि भडके जुळत नाहीत, आणि हे स्वतःच्या आकड्यांतून बघणं म्हणजे या ताऱ्याची खरी ओळख.

नोंदी एएव्हीएसओला पाठवा. निरीक्षक कोड घ्यायचा, मग दृश्य नोंदीसाठी ज्युलियन दिनांक, प्रत, दोन्ही तुलना तारे आणि नकाशावरचा क्रमांक एवढं भरायचं. धूर होता, चंद्र होता, तारा तिरक्या नजरेनेच दिसत होता, असं जे असेल ते शेऱ्यात लिहा. आपल्या रेखांशाला यात वेगळी किंमत आहे. जपान-ऑस्ट्रेलियात तारा मावळायला लागतो आणि युरोपात अजून दिवस असतो, तेव्हा ऑक्टोबरमधली आपली संध्याकाळ चालू असते, आणि त्या चार-पाच तासांतला भडका आपण नाही बघितला तर कदाचित कोणाच्याच नोंदीत येणार नाही. डिसेंबरच्या शेवटी अंधार पडेपर्यंत तो पश्चिमेच्या धुरात उतरलेला असतो. मग पुन्हा भेट एप्रिल-मेच्या पहाटे, एप्रिलच्या मध्यावर साधारण चार ते पाच, हवा दमट असते आणि तेव्हा वेळ तासाभराचाच मिळतो, पण त्या महिन्यांत नोंदी कमी असतात, लवकर उठणाऱ्यांनी ती वेळ घ्यावी.